शब्दचर्चा : निष्क्रिय, उदासीन, राजवायू आणि स्थिर

मूळ प्रश्न

नमस्कार. मी नववी-दहावीच्या वर्गांना मराठी माध्यमातून विज्ञान शिकवते. आवर्तसारणीच्या अठराव्या गणातील हेलिअम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रेडॉन या मूलद्रव्यांसाठी 'निष्क्रिय वायू', 'उदासीन वायू', 'दुर्मिळ वायू' आणि 'राजवायू' अशी चार नावे मला मराठीत आढळली आहेत. शालेय पुस्तकांत आता 'राजवायू' हा शब्द आहे, परंतु अनेक शिक्षक सवयीने 'निष्क्रिय' किंवा 'उदासीन' म्हणतात आणि मुले हे सगळे शब्द एकाच अर्थाचे समजून उत्तरपत्रिकेत कुठलाही शब्द कुठेही लिहितात. हे शब्द खरोखरच समानार्थी आहेत का? दुसरा प्रश्न या पहिल्याशीच जोडलेला आहे. निऑनचा अणुअंक १० आणि सोडिअमचा ११. इतके लगतचे असूनही निऑन कशाशीच संयोग पावत नाही आणि सोडिअम मात्र रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागते. 'अष्टक (बाहेरच्या कवचातील आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण असते' या वाक्याने मुलांचे समाधान होत नाही आणि खरे सांगायचे तर माझेही होत नाही. कृपया शब्द आणि कारण या दोन्हींबद्दल लिहावे.

प्रतिसाद १

आपण दोन्ही प्रश्न एकत्र विचारलेत हे योग्य झाले, कारण कारण समजल्याशिवाय यांतला योग्य शब्द निवडता येत नाही.

प्रथम 'उदासीन'. हा शब्द उद् आणि आसीन यांपासून बनला असून 'अलिप्तपणे बाजूला बसलेला' हा त्याचा मूळ अर्थ आहे. कौटिल्याच्या मंडल सिद्धान्तात, म्हणजे राज्याराज्यांतील संबंधांच्या विचारात, उदासीन राजा येतो, तो कोणत्याही पक्षात न मिसळणारा. बोली मराठीत या शब्दाला पुढे खिन्नतेची छटा आली. हा मूळ अर्थ पाहता अठराव्या गणाला 'उदासीन' म्हणण्याचा मोह का झाला असेल हे कळते. अडचण अशी की रसायनशास्त्राच्या मराठीत हा शब्द आधीच दोन ठिकाणी कामाला लागलेला आहे. आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा गुणधर्म नाहीसा करतात त्या अभिक्रियेला आपण उदासिनीकरण म्हणतो आणि ज्या कणावर निव्वळ विद्युतप्रभार नसतो त्याला विद्युतदृष्ट्या उदासीन म्हणतो. हेच नाव वायूंनाही दिले की काय घडते ते आपल्याच उदाहरणात पाहा. सोडिअमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन असतात, म्हणून तो अणू पूर्णपणे उदासीन असतो आणि तरीही पाण्याशी भडक्याने अभिक्रिया करतो. उलट त्याच अणूचा एक इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरणारा सोडिअम आयन प्रभारित असतो, म्हणजे उदासीन नसतो, पण रासायनिकदृष्ट्या इतका शांत असतो की आपण तो मिठातून रोज खातो. एकाच मूलद्रव्याच्या बाबतीत उदासीन कण क्रियाशील आणि प्रभारित कण शांत ठरत असेल, तर 'उदासीन' हा शब्द 'अभिक्रिया न करणारा' या अर्थाने वापरणे विद्यार्थ्यांची दिशाभूल करणारे आहे. माझ्या मते 'उदासीन वायू' हा प्रयोग पूर्णपणे सोडून द्यावा.

आता कारणाकडे वळतो. अणूतील इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या आकर्षणाने बांधलेले असतात आणि सर्वांत बाहेरचा एक इलेक्ट्रॉन काढून घेण्यासाठी जी ऊर्जा खर्च करावी लागते तिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. निऑनसाठी ती सुमारे २०८१ किलोज्यूल प्रति मोल आहे, तर सोडिअमसाठी अवघी ४९६. केंद्रकात एक प्रोटॉन वाढला असताना ही ऊर्जा वाढायला हवी होती, पण ती एक चतुर्थांशाहून कमी झाली. याचे कारण असे की निऑनचे दुसरे कवच आठ इलेक्ट्रॉनांनी भरून जाते आणि सोडिअमचा अकरावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात, केंद्रकापासून बराच दूर राहतो, शिवाय आतले दहा इलेक्ट्रॉन केंद्रकाचे आकर्षण त्याच्यापासून मोठ्या प्रमाणात झाकून टाकतात. निऑनमध्ये मात्र बाहेरचे आठही इलेक्ट्रॉन एकाच कवचात असतात, ते एकमेकांना फारसे झाकत नाहीत आणि दहा प्रोटॉनांची ओढ त्या प्रत्येकाला जवळून जाणवते. सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा झाल्यास ४५६२ किलोज्यूल लागतात, कारण तो निऑनसारख्याच भरलेल्या कवचातून काढावा लागतो. म्हणूनच सोडिअमची संयुजा (संयोग पावण्याची क्षमता) एक आहे आणि साधारण परिस्थितीत ती दोन होत नाही. ही तीन संख्यांची रांग, २०८१, ४९६ आणि ४५६२, मुलांसमोर फळ्यावर मांडली तर 'अष्टक' या शब्दामागे काय आहे ते त्यांना स्वतःलाच दिसेल, असा माझा विश्वास आहे.

यात अर्धी बाजू राहिली. निऑन इलेक्ट्रॉन देत नाही हे ठीक, पण तो घेत का नाही? कारण येणाऱ्या इलेक्ट्रॉनला दुसऱ्या कवचात जागाच नसते. त्याला तिसऱ्या कवचात राहावे लागेल आणि तिथे केंद्रकाची ओढ जवळजवळ पूर्ण झाकलेली असते. क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन असतात व एकाची जागा रिकामी असते, म्हणून येणारा इलेक्ट्रॉन त्याच कवचात सामावतो आणि प्रति मोल सुमारे ३४९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते.

प्रतिसाद २

वरील विवेचनात मी एक भर घालू इच्छितो, कारण पाठ्यपुस्तकी मराठीतील एक वाक्यरचना मला फार खटकते. 'सोडिअमला अष्टक पूर्ण करायचे असते म्हणून तो इलेक्ट्रॉन देऊन टाकतो' असे आपण सर्रास लिहितो. सोडिअमला काहीही करायचे नसते. त्याचा इलेक्ट्रॉन सुटा करण्यासाठी बाहेरून ४९६ किलोज्यूल द्यावे लागतात आणि तो क्लोरीनने घेतल्यावर ३४९ परत मिळतात, म्हणजे केवळ देवघेवीचा हिशेब केला तर १४७ किलोज्यूलचा तोटाच होतो. मग मीठ बनते कसे? धन सोडिअम आयन आणि ऋण क्लोराइड आयन स्फटिकात एकमेकांशेजारी ओळीने रचले जातात तेव्हा त्यांच्या परस्पर आकर्षणामुळे प्रति मोल सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. त्यातून तो तोटा भरून निघतो, धातूतून सोडिअमचे अणू सुटे करण्याचा आणि क्लोरीनचे रेणू तोडण्याचा खर्चही भागतो आणि तरीही बरीच ऊर्जा उरते. अभिक्रिया घडते ती या उरलेल्या ऊर्जेमुळे. निऑनच्या बाबतीत सुरुवातीचाच खर्च २०८१ असल्याने कोणताही स्फटिक तो भरून काढू शकत नाही.

म्हणून 'इच्छा', 'हवे असणे', 'समाधानी होणे' ही क्रियापदे विज्ञानाच्या लेखनात टाळावीत, असे मी आग्रहाने सांगेन. 'मीठ तयार झाल्याने एकूण ऊर्जा कमी होते' हे वाक्य थोडे कोरडे असले तरी त्यात कारण आहे, 'सोडिअमला इलेक्ट्रॉन नको असतो' यात ते नाही.

याच हिशेबातून गणातील क्रमही उलगडतो. लिथिअम ५२०, सोडिअम ४९६, पोटॅशिअम ४१९, सीझिअम ३७६, अशी अल्क धातूंची (सोडिअमच्या गणातील धातूंची) आयनीभवन ऊर्जा खाली जाताना घटते, कारण बाहेरचा इलेक्ट्रॉन अधिकाधिक दूरच्या कवचात असतो. पाण्यावर लिथिअम शांतपणे बुडबुडे सोडत फिरते, सोडिअम वितळून गोळी होऊन धावते आणि पोटॅशिअम जांभळट ज्योतीने पेट घेते. हॅलोजनांच्या (फ्लोरीन, क्लोरीन इत्यादींच्या गणाच्या) बाबतीत क्रम उलटा असतो व सर्वांत वरचे फ्लोरीन सर्वांत उग्र ठरते. त्याचा अणू लहान असल्याने येणारा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळ राहतो, त्यापासून बनणारे बंध बळकट असतात आणि फ्लोरीनच्या रेणूतील दोन अणूंमधला मूळ बंध मात्र जेमतेम १५९ किलोज्यूलचा, म्हणजे सहज तुटणारा असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासां यांना हा वायू वेगळा करण्यात १८८६ साली यश आले आणि त्यासाठी त्यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी अनेक रसायनशास्त्रज्ञांनी या प्रयत्नात गंभीर इजा सोसल्या होत्या.

प्रतिसाद ३

'निष्क्रिय' आणि 'राजवायू' यांच्यातील निवड अजून बाकी आहे, म्हणून लिहितो.

१७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतील नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी ऑक्सिजनशी संयोगित करून संपवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा शेवटी एक लहानसा बुडबुडा उरला. तो मूळ नायट्रोजनच्या १/१२० भागापेक्षा अधिक नसल्याची नोंद त्यांनी केली. शंभरहून अधिक वर्षे त्या नोंदीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे लॉर्ड रॅले यांना हवेतून मिळवलेला नायट्रोजन हा अमोनियापासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो असे आढळले. एका लिटरला १.२५७ ग्रॅम आणि १.२५१ ग्रॅम, एवढाच फरक. तो त्यांनी चूक म्हणून सोडून दिला नाही. विल्यम रॅमसे यांनी हवेतला नायट्रोजन तापवलेल्या मॅग्नेशिअमवरून वारंवार नेऊन शोषून घेतला आणि उरलेल्या वायूचा वर्णपट (त्याच्या प्रकाशातील रंगरेषा) पाहिला. १८९४ मध्ये दोघांनी मिळून अरगॉनची घोषणा केली. हे नाव ग्रीक 'आर्गोस'वरून आले असून त्याचा अर्थ 'काम न करणारा' असा आहे आणि त्याची घडण आपल्या 'निष्क्रिय' या शब्दासारखीच, नकार अधिक कार्य, अशी आहे. म्हणजे 'निष्क्रिय वायू' हे मराठी नाव या इतिहासाशी अगदी सुसंगत होते, ते कोणीतरी विचार न करता घडवलेले नाव नव्हते.

रॅमसे यांनी अरगॉनचा नमुना म्वासांकडे पाठवला. म्वासांनी त्यावर फ्लोरीनचा प्रयोग करून पाहिला आणि काहीही घडले नाही. १८९८ साली रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधले. हे सगळे वायू तसेच शांत दिसल्याने निष्क्रियता हा या गणाचा अढळ गुणधर्म मानला गेला. १९३३ मध्ये लायनस पॉलिंग यांनी झेनॉनची फ्लोरीनबरोबर संयुगे बनू शकतील असे भाकीत केले होते, परंतु त्या वेळी केलेला प्रयत्न फसला आणि विषय मागे पडला.

१९६२ साली कॅनडातील व्हॅन्कुव्हर येथे नील बार्टलेट यांना असे दिसले की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हा पदार्थ ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून घेतो. ऑक्सिजनच्या रेणूची आयनीभवन ऊर्जा सुमारे ११७५ किलोज्यूल प्रति मोल आहे. झेनॉनची ११७०. बार्टलेट यांनी या दोन संख्या शेजारी ठेवल्या आणि जे ऑक्सिजनला लागू पडते ते झेनॉनलाही पडायला हवे असा तर्क करून झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची वाफ एकत्र सोडली. लगेच पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. मला या प्रयोगाचे फार अप्रूप वाटते, कारण त्याला लागणारी माहिती बऱ्याच काळापासून छापील तक्त्यांत उपलब्ध होती. 'निष्क्रिय' या नावामुळेच संशोधन थांबले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण प्रयत्न झाले होते व ते फसलेही होते. पण नावाने त्या अपयशाला नियमाचे रूप दिले, एवढे नक्की म्हणता येईल.

त्यानंतर झेनॉनची अनेक संयुगे बनवण्यात आली. पुढच्याच वर्षी क्रिप्टॉनचे फ्लोराइड नोंदवले गेले आणि २००० साली हेलसिंकी येथे अतिशय कमी तापमानात अरगॉनचेही एक संयुग मिळाले. गणात वरून खाली आयनीभवन ऊर्जा २३७२, २०८१, १५२१, १३५१, ११७०, १०३७ अशी उतरत जाते, म्हणून संयुगे बनण्याची शक्यता खालच्या मूलद्रव्यांत अधिक असणार हे अपेक्षितच होते. आज संपूर्ण गणाला 'निष्क्रिय' म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. 'दुर्मिळ' म्हणणेही चूक आहे, कारण कोरड्या हवेत अरगॉन ०.९३ टक्के आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त.

'राज' हे पूर्वपद जर्मन 'एडेलगास' (उमदा वायू) या शब्दाच्या धर्तीचे आहे. सोने-प्लॅटिनमसारख्या सहजी न गंजणाऱ्या धातूंना जे विशेषण होते तेच १८९८ मध्ये ह्यूगो एर्डमान यांनी या वायूंना लावले. मराठीत आपण त्या धातूंना राजधातू म्हणतो, तेव्हा राजवायू हा शब्द त्या जोडीत चपखल बसतो. हिंदीत 'अक्रिय गैस' आणि 'उत्कृष्ट गैस' अशी दोन्ही नावे आढळतात. मला आपला 'राजवायू' यांपेक्षा अधिक नेमका वाटतो, कारण तो 'सहजी संयोग न पावणारा' एवढेच सुचवतो आणि 'कधीच नाही' असा दावा करत नाही.

प्रतिसाद ४

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आहे. हेलिअमचा शोध १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात विजयदुर्ग किल्ल्यावरून नॉर्मन लॉकयर यांनी लावला असे आमच्याकडे सांगितले जाते. 'हेलिअम' या नावाच्या संदर्भात तेही येथे नोंदवावे काय?

प्रतिसाद ५ (प्रतिसाद ३ लिहिणाऱ्याकडून)

नोंदवावे, पण तारखा नीट लावून. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी ज्यूल जान्सन हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निरीक्षणासाठी गुंटूर येथे होते. लॉकयर त्या वेळी भारतात नव्हते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाविना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला आणि त्यातील पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही हे ओळखले. लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्यामुळे किल्ल्याचा या संशोधकाशी संबंध खराच आहे, फक्त तो हेलिअमच्या शोधानंतर तीस वर्षांनी आला.

नावापुरते सांगायचे तर ग्रीक 'हेलिओस' म्हणजे सूर्य आणि '-इअम' हा सोडिअम, पोटॅशिअम यांसारख्या धातूंना लागणारा प्रत्यय. हे मूलद्रव्य धातू असावे अशी तेव्हा कल्पना होती, म्हणून गणातील इतर वायूंच्या नावांप्रमाणे ते '-ऑन' या प्रत्ययाने संपत नाही. पृथ्वीवर ते रॅमसे यांना १८९५ साली युरेनिअमच्या एका खनिजात सापडले.

प्रतिसाद ६

मी धातुकामाच्या कारखान्यात काम करतो. आमच्याकडे 'आर्गन वेल्डिंग' हा रोजचा शब्द आहे. तापलेल्या सांध्यावर हवा येऊ नये म्हणून हा वायू सोडतात. माझा मुद्दा 'स्थिर' या शब्दाबद्दल आहे, कारण तो 'निष्क्रिय' या अर्थाने बेफिकिरीने वापरला जातो आणि त्यातून गोंधळ होतो.

रेडॉन हा राजवायूच आहे, पण त्याचे केंद्रक अस्थिर आहे. त्याच्या सर्वांत दीर्घायू समस्थानिकाचा अर्धायुष्यकाल (निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ) ३.८ दिवस आहे. रासायनिकदृष्ट्या शांत, केंद्रकीयदृष्ट्या अस्थिर. म्हणजे 'स्थिर' म्हणताना कवच अभिप्रेत आहे की केंद्रक, हे सांगावेच लागते.

दुसरे उदाहरण ॲल्युमिनिअमचे. अभिक्रियाशीलता श्रेणीत ते जस्त आणि लोखंड यांच्या वर आहे, तरीही त्याची भांडी वर्षानुवर्षे टिकतात. कारण उघड्या पृष्ठभागावर क्षणार्धात ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर बनतो आणि ऑक्सिजनला पुढे जाऊ देत नाही. थर फोडला तर धातूचा मूळ स्वभाव दिसतो. पाऱ्याचा संपर्क झाला की हा थर टिकत नाही, म्हणून विमानातून पारा नेण्यावर कडक बंधने असतात. आगगाडीचे रूळ जोडण्यासाठी ॲल्युमिनिअमची भुकटी आणि लोह ऑक्साइड यांचे मिश्रण पेटवतात, तेव्हा ॲल्युमिनिअम लोखंडाकडून ऑक्सिजन हिसकावून घेते आणि निर्माण झालेल्या उष्णतेने लोखंड वितळून वाहू लागते. याच धातूच्या टाक्यांतून संहत नायट्रिक आम्लाची वाहतूक होते. अशा ठिकाणी 'निष्क्रिय धातू' न म्हणता 'निष्क्रिय थर चढलेला धातू' म्हणावे, कारण निष्क्रियता थराची आहे.

तिसरे, नायट्रोजन. वेफर्सच्या पाकिटात तो भरतात, कारण तो काही करत नाही. पण नायट्रोजनचा सुटा अणू मुळीच शांत नसतो. शांत असतो तो त्याचा रेणू, कारण त्यातले दोन अणू तिहेरी बंधाने बांधलेले असतात आणि तो बंध तोडायला प्रति मोल सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. अमोनिया बनवण्याच्या हाबर पद्धतीत यासाठी लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब वापरावा लागतो, तर सोयाबीन-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू तेच काम शेतातल्या तापमानाला करतात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. 'क्रियाशील', 'सक्रिय' आणि 'अभिक्रियाशील' यांपैकी 'निष्क्रिय'चा विरुद्धार्थी शब्द कोणता धरावा?

प्रतिसाद ७ (प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून)

'सक्रिय' टाळावा, कारण तो 'सक्रिय कार्बन', 'सक्रियण ऊर्जा' अशा वेगळ्या संज्ञांत वापरला जातो. 'क्रियाशील' बोलण्यात चालेल. लेखनात मात्र 'अभिक्रियाशील' घ्यावा, कारण 'अभि' या उपसर्गात 'कशाकडे तरी' हा अर्थ आहे आणि त्यामुळे 'कोणाशी?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. अभिक्रियाशीलता ही एकट्या मूलद्रव्याची नसते, ती जोडीची आणि परिस्थितीची असते. सोने घ्या. एकट्या नायट्रिक आम्लात ते विरघळत नाही आणि एकट्या हायड्रोक्लोरिक आम्लातही नाही. तीन भाग संहत हायड्रोक्लोरिक आणि एक भाग संहत नायट्रिक आम्ल मिसळून बनवलेल्या आम्लराजात मात्र विरघळते, कारण नायट्रिक आम्लाने सोन्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढताच क्लोराइड आयन त्या सोन्याच्या आयनांना बांधून द्रावणात घेऊन जातात आणि अभिक्रिया मागे फिरू शकत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना 'सोने निष्क्रिय आहे' असे वाक्य लिहायला लावू नये. 'सोने हवेशी, पाण्याशी, तसेच एकट्या नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाशी अभिक्रिया करत नाही' असे लिहायला लावावे आणि निऑनबद्दल लिहितानाही 'त्याचे स्थिर संयुग अद्याप ज्ञात नाही' अशीच मर्यादित वाक्यरचना ठेवावी.